टूलबॉक्स नव्हे, इंजिन नंबर बघा

प्रश्न : कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकांनी पाच महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून १९६५ ची फोक्सवॅगन बीटल १४ लाखांना घेतली. व्हॉट्सॲपवर ‘सगळं ओरिजिनल, मॅचिंग नंबर (म्हणजे कारखान्यातून निघताना होतं तेच इंजिन), कंपनीचा हॅझेट (जर्मन औजारांची कंपनी) टूलबॉक्स’ असं लिहून आलं होतं. पावतीवर मात्र ‘आहे त्या स्थितीत’. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पाने हातात घेताच नक्कल असल्याचं सांगितलं. शिवाय आरसीवर इंजिन नंबराचे नुसते आकडे आहेत, इंजिनवर मात्र सुरुवातीला ‘एच’ आहे. पैसे परत मिळतील का?

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळा राग टूलबॉक्सवर आहे. तो डबा जरा बाजूला ठेवू. स्टेपनीच्या पोटात बसणारा तो गोल डबा त्या काळीसुद्धा वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे, प्रत्येक बीटलबरोबर येत नसे. त्यामुळे तो अस्सल निघाला असता तरी गाडीबद्दल काही सिद्ध झालं नसतं.

खरी गोष्ट डायनामोच्या स्टँडखाली, इंजिनाच्या केसिंगवर कोरलेली आहे. बीटलच्या इंजिन नंबरात ऑगस्ट १९६५ पर्यंत नुसते आकडे असत, अक्षर त्यानंतर आलं; आणि ‘एच’ हे ऑगस्ट १९६६ पासूनच्या १५०० सीसी इंजिनाचं अक्षर. मागच्या सीटखालचा चासी नंबर तुमच्या फोटोत ११५ ने सुरू होतो, तो १९६५ च्या मॉडेलशी बरोबर जुळतो. म्हणजे गाडी खरी, इंजिन नंतरचं. ‘मॅचिंग नंबर’ हे वर्णन इथेच खोटं पडतं.

माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णन करून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द गंज, उडालेला रंग यांच्यापुरते चालतील. लेखी दिलेलं खोटं वर्णन त्या शब्दांनी झाकलं जात नाही, असं माझं ठाम मत आहे. व्यापारी म्हणेल, ‘बघून घेतलीत की.’ करार अधिनियमाच्या कलम १९ मध्ये असा बचाव आहे, पण जाणूनबुजून उघड खोटं सांगितलं असेल तर तो टिकत नाही. त्याला ते ठाऊक होतं, हे मात्र तुम्हाला दाखवावं लागेल.

नुकसान किती, हेही नीट मांडा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. तुमची ती वाट अडली. शिवाय इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर नसल्याने नाक्यावर किंवा विम्याच्या दाव्यात अडचण तुमच्याच गळ्यात येईल.

आता गाडी चालवणं आजपासून थांबवा. रंकाळ्यावर फेऱ्या मारत राहिलात तर तुम्ही माल स्वीकारला असं धरलं जाईल, आणि मग परतफेड नाही, फक्त भरपाई मागता येईल. पाच महिने गेलेच आहेत, म्हणून या आठवड्यातच वकिलामार्फत नोटीस पाठवा: गाडी परत घ्या, पैसे द्या, आणि अमुक तारखेला दोघांच्या समोर तपासणीला या. तो आला नाही तरी तपासणी करून घ्या, फोटोंसह अहवाल लिहून घ्या.

दाद कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात मागता येईल. विकणारा व्यापारी आहे, रक्कम ५० लाखांच्या आत आहे, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. पुण्याला खेटे नकोत. मुदत दोन वर्षांची. एखाद्या घरगुती मालकाकडून घेतली असतीत तर दिवाणी न्यायालयात जावं लागलं असतं.

पोलिसांत जायची घाई नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधल्या फसवणुकीसाठी सौद्याच्या वेळीच लबाडीचा हेतू होता हे दिसावं लागतं. व्यापारी स्वतःच आधीच्या मालकाकडून फसला असेल तर ते प्रकरण तिथेच लटकेल.

नंबरवर पॉलिश पेपर कोणालाही मारू देऊ नका, पाने डब्यातच सील करा. आणि व्हॉट्सॲपवरचं संभाषण ज्या फोनमध्ये आहे तो फोन बदलू नका. मेसेज पुरावा म्हणून दाखल करायला लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्याच फोनवरून करायचं आहे.