गोव्याहून चंद्रतालला पहिल्यांदा निघालायस? आधी हे बघ

जा रे, बिनधास्त जा, गाडी फोर बाय फोर आहे म्हणजे अर्धं काम झालंच. पण आपण समुद्राकाठची माणसं, चोर्ला घाट चढलो की आपल्याला डोंगर आला असं वाटतं, आणि चंद्रताल हे हिमाचलातल्या स्पितीचं तळं आहे सुमारे ४,२५० मीटरवर. मनालीत दोन रात्री काढच. वर डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली तर गोळी खाऊन पुढे रेटू नकोस, गाडी सरळ खाली वळव.

दुसरं म्हणजे मनालीहून चंद्रतालला जाताना लागणाऱ्या ग्रांफू ते बातल या पट्ट्यात रस्त्यावरून वाहणारे नाले. ऊन तापलं की बर्फ वितळतं, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी बंपरला लागतं, म्हणून पहाटेच निघ. आधी उतरून बघ, फोर लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर) टाक आणि मधेच क्लच दाबू नकोस. मी दाबला होता, मग त्या गार पाण्यात उभं राहून दोरी बांधत बसलो, बोटं कळेनात.

तंबू तळ्याकाठी लावायला बंदी आहे, अलीकडच्या कॅम्पसाइटवरच राहा. आणि हो, तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, शीत-कडी हवी तर कुकर ने, उकडे तांदूळ उघड्या टोपात शिजायचे नाहीत.

विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) वगैरे सध्या सोड, परत आलास की बोलू.