गाडी-गॅरेज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांची जुनी अ‍ॅम्बेसेडर आहे, १४८९ सीसी पेट्रोल. पावसात सकाळी चालू केली की पुढून चीं-चीं आवाज, मधेच चार्जिंगचा दिवा मिणमिणतो. फॅन बेल्ट नवीनच घातलाय. मेकॅनिक म्हणतो डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) बदला. बदलू का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : थांबा हो, एवढी घाई नको! आधी बेल्ट काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा, जास्त नको, कारण वॉटर पंपपण त्याच बेल्टवर फिरतो. आवाज गेला? मग इंजिन बंद करून पंखा हाताने पुढेमागे हलवा, खेळ लागला तर पंपाचं बेअरिंग गेलं, आणि डायनॅमोची पुली फिरवून खरखर लागते का तेही बघा.

मग पुलीची खाच नीट बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत उभ्या गाडीची खाच गंजते, झिजते आणि बेल्ट तळाला टेकून घसरतो, तळ चकचकीत दिसला की समजा हेच, मग नवीन बेल्ट घालूनही काय उपयोग? क्रँक पुली (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी) चालू इंजिनवर डुलत असेल तर तिला दांड्यावर अडकवणारी लोखंडी चावी नाहीतर मधला बोल्ट सैल, ते मात्र लगेच करून घ्या, टायमिंगची (ठिणगी कधी पडते ते जुळवायची) खूणही त्याच पुलीवर असते.