खड्डा बघायला गेले होते, असं सांग

प्रिय पोरी,

ऑफिसचं ट्रेनिंग आहे असं घरी सांगून तंजावरला जाऊन येऊ का, असं तू विचारलं आहेस. तंजावरला जरूर जा. ट्रेनिंगचं नाव पुढे करून मात्र जाऊ नकोस. बाकीचं पत्र वाचायला वेळ नसेल तर राहू दे, पण एवढं ऐक.

रविवारी एकटी एसटीने लोणारला गेलीस, काठावरून पार खाली पाण्यापर्यंत उतरलीस, अंधार पडायच्या आत जालन्याला परत आलीस. बाबा वही मिटता मिटता म्हणाले, "एक खड्डा बघायला अख्खा दिवस घालवलास?" आईने विचारलं, "तिथे देवळं आहेत ना गं, दर्शन झालं का?" आणि तू पटकन म्हणून गेलीस, "हो, दर्शनालाच गेले होते." मग रात्रभर झोप नाही. तुला वाटतंय की तू बाबांवर चिडली आहेस. मला तसं वाटत नाही. तुला ते "दर्शनालाच" टोचतंय, आणि टोचायलाच हवं.

बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर एक मैत्रीण होती. फिरायची ओढ माझ्याइतकीच, कांकणभर जास्तच. पण सासरी कारण द्यावं लागे, म्हणून ती प्रत्येक गावाला एक देव जोडायची. पन्हाळा बघायचा तर अंबाबाईचं दर्शन. हंपीला विरूपाक्ष, मदुराईला मीनाक्षी. घरी सगळे खुश, प्रसादाचा पुडा हातात पडला की कुणाची तक्रार नसे. मग तिने कुठेतरी मेघालयातल्या मुळांच्या पुलांचे फोटो पाहिले. चेरापुंजीच्या बाजूला खासी लोक रबराच्या झाडाची जिवंत मुळं ओढ्याच्या पलीकडे वळवत नेतात, ती पलीकडे रुजतात, जाड होतात, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांच्यावरून माणसं चालायला लागतात. ज्याने मूळ वळवलं त्याला पूल वापरायला मिळेलच असं नाही. ती वेडी झाली त्या फोटोंनी. आता देव कुठला सांगणार? त्या बाजूची गुवाहाटीची कामाख्या तर तिची आधीच्या एका टूरमध्ये झालेली. सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुझं सगळं देवदर्शन झालंय की आता." त्यांच्या हिशोबाने खरंच झालं होतं. त्या दुष्ट नव्हत्या. इतकी वर्षं सुनेनेच त्यांना शिकवलं होतं की बाई एवढ्या लांब जाते ती देवासाठी. ती मेघालयात गेली नाही. तंजावरला आम्ही दोघी जाणार होतो, तेवढ्यात तिचे गुडघे गेले, आणि काही वर्षांनी तीही गेली. तिच्याशी वेळेवर भांडायला हवं होतं, ही बोच मला अजून आहे. म्हणून आज तुझ्याशी भांडते आहे.

खरं कारण काय आहे तुझं? तूच पत्रात लिहिलंयस, तिसऱ्या ओळीत, आणि मग पुढची दोन पानं त्याच्यावर माती टाकलीस. तू लिहिलंस, "मला बघायचं होतं." बस. हेच कारण आहे. मला बघायचंय. याला शेपूट जोडू नकोस.

फिरल्याने आत्मविश्वास वाढतो, व्यक्तिमत्त्व घडतं, ओळखी होतात, नोकरीत उपयोग होतो, हे सगळं तू बाबांना सांगून पाहिलंस म्हणे. आणि बाबा म्हणाले, आत्मविश्वास दुकानात बसूनही वाढतो. बरोबरच बोलले. देशाटनाने चातुर्य येतं हे आपण शाळेपासून घोकलंय, पण जग पालथं घालून आलेली आणि जाताना होती तेवढ्याच कोत्या मनाने परतलेली माणसं मी पाहिली आहेत. बाबांनीही पाहिली असतील. फायदा सांगितलास की समोरचा फायद्याचाच हिशोब मांडणार, आणि मोंढ्यात आयुष्य काढलेल्या माणसाशी तू हिशोबात जिंकणार नाहीस. तू फायद्यासाठी गेलीच नव्हतीस, मग त्या वजनकाट्यावर चढतेस कशाला?

आणखी एक. वारीचा दाखला देऊ नकोस. "तुम्ही नाही का आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालत जात, मग मी गेले तर काय बिघडलं?" हे वाक्य तुझ्या जिभेवर आहे, मला दिसतंय. ते गिळून टाक. तुझे काका विठ्ठलासाठी चालतात. तू विठ्ठलासाठी निघालेली नाहीस. त्यांची वारी तुझ्या फिरण्याच्या बचावाला लावलीस तर त्यांना दुखवशील, आणि तुझ्या फिरण्यालाही उधारीची इभ्रत येईल. तुझ्या फिरण्याला तुझं कारण आहे. मला बघायचंय.

आता जरा घरच्यांच्या बाजूने बोलते, कारण त्यांना "संकुचित" म्हणालीस ते मला मुळीच आवडलं नाही. तुझी आजी 1972 च्या दुष्काळात घराला कडी घालून खडी फोडायच्या कामावर गेली, हे तूच मला मागे सांगितलं होतंस. तिच्या लेखी गाव सोडणं म्हणजे काय असेल? आणि आजचं बघ. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तुमच्या मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या तू रस्त्यावर पाहतेस. भांडीकुंडी, पोरंबाळं, शेळ्या, सगळं वर चढवलेलं. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या उसावर पाच-सहा महिने काढायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचं. जिथे रस्ता असा पायाखाली येतो, तिथे घरी बसून दोन घास खाता येणं हीच कमाई असते. तुझे बाबा मालासाठी इंदूरला जातात, अकोल्याला जातात आणि मिळेल त्या गाडीने परत फिरतात. त्यांना कुणी विचारलंय का कधी, की इंदुरात काय पाहिलंत? त्यांच्या मनात जाणं आणि गरज ही एकमेकांना घट्ट बांधलेली आहेत. गरज नसताना जाणं त्यांना पैशाच्या उधळपट्टीपेक्षाही विचित्र वाटतं, काहीतरी बिनसलंय की काय असं वाटतं. म्हणून ते कारण विचारतात. त्यात काळजी आहे, आणि काळजीला खोटं उत्तर द्यायचं नसतं.

उत्तर कसं द्यायचं ते आनंदीबाई जोशींकडून घे. 24 फेब्रुवारी 1883. कलकत्त्याजवळ श्रीरामपूर, तिथल्या कॉलेजचं सभागृह. वय अठराही पूर्ण नाही. परदेशी निघालेल्या या ब्राह्मण मुलीबद्दल लोक वाट्टेल ते बोलत होते, तेव्हा ती सभेत उभी राहिली आणि मी अमेरिकेला का जाते हे तिने स्वतः सांगितलं. पहिलं उत्तर एका ओळीचं होतं, मला वैद्यक शिकायचंय म्हणून जाते. मग पुढचे प्रश्न तिने स्वतःच एकेक मांडले. इथे सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? काही बरंवाईट झालं तर? एकालाही बगल दिली नाही. वाळीत टाकण्याबद्दल म्हणाली की इथे राहते तशीच तिथे राहीन, मग भिऊ कशाला? एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीने निघाली. तिच्यासमोर केवढं मोठं काम होतं आणि तू सुट्टीत देवळं बघायला निघाली आहेस, हा फरक मला कळतो. बाबांनाही कळेल, तो लपवूही नकोस. पण रीत तीच ठेव. खरं कारण आधी, एका ओळीत. मग त्यांच्या शंका, एकेक करून.

आणि त्या शंकांना नीट उत्तरं दे. कुठली गाडी, कुठे उतरणार, कुठे राहणार, पैसे तुझ्या पगारातले किती, रोज किती वाजता फोन करणार. यात चिडायचं नाही. बाबांनी राहण्याच्या जागेचा फोन नंबर मागितला तर मुकाट्याने द्यायचा. हे सगळं कसं जायचं याचं उत्तर आहे. का जायचं याचं उत्तर एकच. मला बघायचंय.

तरी त्यांना त्यात गोडी वाटली नाही तर? नाही वाटणार कदाचित. गोडी लावायचं कंत्राट तू घेतलेलं नाहीस. पण तू लोणारहून आलीस आणि सांगितलंस काय? "मस्त होतं." मस्त होतं म्हणजे काय होतं? आईला सांगायचं होतंस की वर काठाशी धार आहे, तिचं पाणी गोडं, पिण्यासारखं, आणि खाली सरोवराचं पाणी इतकं खारं की ओठाला लागवत नाही. सांगायचं होतंस की त्या पाण्यात चिमूटभर हळद टाकली तर ती लाल होते. पातळावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो हे आईने शंभरदा पाहिलंय. तोच गुण त्या पाण्यात आहे, सोड्याचा. दगड आकाशातून येऊन आदळला, बसाल्टात पावणेदोन किलोमीटरहून रुंद खळगा पडला, त्यात पाणी साठलं, आणि त्या पाण्याची खोड तुझ्या आईला घरबसल्या ओळखीची आहे. हे सांगितलं असतंस तर तिने किमान एक प्रश्न पुढे विचारला असता. न विचारता गप्प बसली असती तरी निदान दर्शनाचं खोटं बोलावं लागलं नसतं.

तंजावरचंही सांगते, कारण तिथे तुझ्यापुढे मोठा मोह उभा राहणार आहे. बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर भला मोठा मराठी शिलालेख आहे. 1803 मध्ये तंजावरच्या मराठी राजांनी, सरफोजीराजांनी, भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला. राजराज चोळाने 1010 च्या सुमाराला बांधून पुरं केलेलं देऊळ, आजूबाजूला सगळी तमिळ, आणि मध्येच दगडात आपली भाषा. मी तिथे उकिडवी बसून बोट न लावता शब्द जुळवत होते, काही लागत होते, काही सुटत होते. पहारेकरी येऊन बघून गेला. पाय मुंग्यांनी भरले तरी उठवेना. तू घरी हा शिलालेख पुढे केलास तर परवानगी चुटकीसरशी मिळेल. आपल्या राजांचा इतिहास म्हटल्यावर बाबाच तिकिटाचे पैसे देतील. करू नकोस. लेखाबद्दल भरभरून सांग, पण त्याच्यासाठी जाते असं सांगू नकोस, कारण तू त्याच्यासाठी जात नाहीस. तसं सांगितलंस तर मग कुंभकोणमजवळ दारासुरमला का गेलीस, याचं उत्तर काय देशील? तिथे मंडपच रथासारखा घडवलाय, दगडी चाकं, दगडी घोडे, आणि खांबांवर बोटभर उंचीच्या आकृत्या. तिथे एकही भोसले नाही. गंगैकोंडचोळपुरमला तर राजेंद्र चोळाच्या राजधानीतलं देऊळ तेवढं उभं आहे, भोवती शेतं. तिथे तुला जायचंय, तू यादीत लिहिलंयस. शिलालेखाच्या कारणात ही दोन्ही गावं बसत नाहीत. "मला बघायचंय" मध्ये तिन्ही बसतात.

तुला कुणीतरी माझ्याबद्दलही सांगितलंय वाटतं, की फिरण्यापायी तिने बढती घालवली. घालवली नाही. घेतली नाही. ऑफिसर झाले असते तर शाखेची जबाबदारी आली असती, बदल्या झाल्या असत्या, आणि लोक म्हणाले, बदलीने आपोआप गावं बघून होतील की. बदलीच्या गावात माणूस शाखेतून खोलीवर आणि खोलीवरून शाखेत जातो, हे मी चांगलं जवळून पाहिलंय. मला माझी रजा हवी होती, माझ्या नावावर, मला हवी तेव्हा. तसं मी साहेबांना स्पष्ट सांगितलं आणि घरीही सांगितलं. नणंद अजून म्हणते की एक फ्लॅट जास्त झाला असता. झाला असता. भाड्याने दिला असता, आणि महिन्याच्या महिन्याला भाडेकरूशी गळक्या नळावरून वाद घातला असता. मी काय सोडतेय ते मला माहीत होतं आणि मी ते उघड सोडलं, म्हणून आज नणंदेसमोर मान वर करून बसते. चोरून फिरले असते तर बसता आलं नसतं. असो, माझं पुरे.

या आठवड्यात बाबांशी बोल. दुकान बंद झाल्यावर, जेवणं झाल्यावर, मोबाइल बाजूला ठेवून. नको म्हणाले तर का नको ते विचार, भांडू नकोस, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच कारण घेऊन जा. नवीन कारण घेऊन गेलीस तर आधीचं खोटं होतं असं त्यांना वाटेल.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे जानेवारीत जायचं तर घाई कर, आणि पोंगलचे दिवस सोडून जा, गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. चेन्नईहून रात्रीची गाडी पकडलीस तर सकाळी तंजावर. बृहदीश्वराला सकाळी लवकर जा आणि पुन्हा उतरत्या उन्हात जा. दुपारी आवारातला दगड असा तापतो की अनवाणी पाऊल टेकवत नाही, आणि गाभाराही तेव्हा बंद असतो. बाबा काय म्हणाले ते कळव. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर माझा नंबर दे, पण आधी तू बोल.

तुझी,
मावशी