एमआरआय स्वच्छ, मग नोडमध्ये ०.८ मिमी कुठून?

प्रश्न : वहिनींना (वय ४४) गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. गाठ २.५ सेंमीची होती. एमआरआयमध्ये लिम्फ नोड (लसीका ग्रंथी) नॉर्मल होते, ऑपरेशन चालू असताना केलेलं फ्रोझन सेक्शनही (काढलेला नोड गोठवून लगेच केलेली तपासणी) निगेटिव्ह. आता अंतिम रिपोर्टात उजव्या सेंटिनल नोडमध्ये (कर्करोग पसरलाच तर जिथे आधी पोचतो तो नोड) ‘मायक्रोमेटास्टॅसिस, ०.८ मिमी’ (कर्करोगाचा सूक्ष्म प्रसार) आणि स्टेज १बी२ऐवजी ३सी१ आली आहे. तपासणी चुकली का? एवढ्याशा ठिपक्यासाठी शेक (रेडिओथेरपी) घ्यायचा?

उत्तर : चुकली नाही. एमआरआय नोडचा आकार आणि ठेवण बघतो. साधारण १० मिमीपेक्षा जाड नोडवर संशय घेतला जातो. सहा मिमीच्या नोडमध्ये ०.८ मिमीचा ठिपका असला तरी तो नोड फुगत नाही. पोत्यात एक खडा असल्याने पोतं जड लागत नाही, तसंच. पेट स्कॅनलाही इतकं बारीक दिसत नाही. फ्रोझनमध्ये घाईत मोजकेच काप पाहतात. नंतर तोच नोड पातळ कापांत पुनःपुन्हा कापून सायटोकेरॅटिनचा रंग (कर्करोगाच्या पेशी उठून दाखवणारा) देऊन तपासतात (अल्ट्रास्टेजिंग), तेव्हा असं लपलेलं सापडतं.

मोजमाप महत्त्वाचं आहे. ०.२ मिमीपर्यंतच्या सुट्या पेशी असतील तर स्टेज बदलत नाही. ०.२ ते २ मिमी म्हणजे मायक्रो, त्याहून मोठं ते मॅक्रो. फिगोच्या (स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना) २०१८च्या वर्गीकरणात हे दोन्ही पॉझिटिव्हच धरतात. म्हणून ३सी१, म्हणजे ओटीपोटातला नोड. पोटातल्या महाधमनीलगतचा असता तर ३सी२. आकडा बघून घाबरू नका. मोठी गाठ आणि अनेक फुगलेले नोड असलेला रुग्णही याच खान्यात बसतो, पण दोघींचं भवितव्य सारखं नसतं.

शेक मात्र टाळू नये. साधारणपणे ओटीपोटाला ४५ ते ५० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), २५ ते २८ बैठकांत, आणि सोबत आठवड्यातून एकदा सिसप्लॅटिन हे केमोचं औषध (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४० मिग्रॅ) देतात. जखम भरली की ४ ते ६ आठवड्यांत सुरुवात व्हावी. प्रत्येक सिसप्लॅटिनआधी क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते दाखवणारी चाचणी) आणि रक्ताची तपासणी झालीच पाहिजे; हे औषध किडनीवर येतं, म्हणून भरपूर सलाइनही देतात. कानात आवाज येऊ लागला तर लगेच सांगा. मध्ये खाडे होऊ देऊ नका, जुलाब लागले तरी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

रिपोर्ट घेऊन तीन गोष्टी विचारा : डाव्या बाजूचा सेंटिनल नोड सापडला होता का, नसल्यास त्या बाजूचे नोड काढले का? काढलेल्या भागाच्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत का? महाधमनीलगतचे नोड कशावरून ठीक म्हटले?