भाऊ गाडीवरून पडलाय, नडगी सुजलीय पण पाय टेकवता येतोय, म्हणजे फ्रॅक्चर नाही ना? डॉक्टर नक्की कसं ओळखतात?

एक्सरे काढल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, आणि पाय टेकवता येतोय म्हणजे हाड मोडलं नाही असं अजिबात समजू नका, कारण गुडघ्याखाली दोन हाडं असतात, वजन बहुतेक सगळं नडगीच्या जाड हाडावर येतं, बाहेरच्या बाजूचं बारीक हाड एकटंच मोडलं तर माणूस लंगडत का होईना चालतो. मी सांगलीत एक्सरे काढायचंच काम करतो, असे पेशंट नेहमी बघतो. डॉक्टर आधी पडला कसा ते विचारतात, मग नडगीवरून बोट दाबत दाबत खाली येतात, एका ठरावीक जागी बोट गेलं की पेशंट कळवळतो. पावलावरची नाडी लागते का, बोटं हलतात का, बधिर झालीत का हे पण बघतात. मग एक्सरे दोन, समोरून आणि बाजूने, आणि त्यात गुडघा अन् घोटा दोन्ही यायला पाहिजेत, कारण घोटा मुरगळला तरी कधी कधी बारीक हाड पार वर गुडघ्याजवळ मोडलेलं असतं. चीर सांध्यात गेल्याची शंका असली तर सीटी स्कॅन. फक्त एक, भरतीसाठी रोज पळणाऱ्या पोरांना होतं ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, पहिले 2-3 आठवडे एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, तिथं एमआरआय लागतो. भावाची पोटरी दगडासारखी कडक झाली, बोटं ताणल्यावर जीव जातोय असं दुखलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच न्या.