बूट मोठाच होता

"मॅडम, याचे पाय सपाट आहेत. पुढे भरतीत चालेल का?"

अमळनेरला समुपदेशनासाठी बसते तेव्हा हा प्रश्न अधूनमधून येतोच. खान्देशात तालुक्याच्या कुठल्याही गावाबाहेर पहाटे रस्त्यावर पोरं धावताना दिसतात, कोणाला पोलीस व्हायचंय, कोणाला मिलिटरीत जायचंय. त्यामुळे तळपायाची कमान हा आमच्याकडे अख्ख्या घराचा विषय असतो. पण या वेळी ज्याच्याबद्दल विचारलं, तो फक्त सात वर्षांचा होता. (घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव, ओळख बदलली आहे.)

सोहमला शाळेने माझ्याकडे पाठवलं ते पायासाठी नव्हतंच. रोज सकाळी पोट दुखतं, पीटीच्या तासाला भिंतीला टेकून बसतो, अशी तक्रार होती. पहिल्या दोन भेटी मी शाळेची भीती शोधण्यात घालवल्या. कोणी मारतं का, सर रागावतात का. तो बिचारा निमूट चित्रं काढायचा, "नाही" म्हणायचा. तिसऱ्या भेटीला धो धो पाऊस होता. सतरंजी भिजू नये म्हणून मी बूट-मोजे काढायला सांगितले, तर पोरगं आईच्या मागे लपलं.

मोजे उतरले तेव्हा कळलं. अंगठ्याचं नख कडेने मांसात रुतून लाल झालेलं, करंगळीवर कुरूप, बेचक्यांत चिखल्या.

"बूट चावतात ना रे?"

"नाही." मग हळूच, "पप्पांनी आत महागाची गादी घातलीय."

आईला पटेना. "लहान कसे होतील मॅडम? वाढत्या अंगाचे घेतले होते. पुढे कापूस कोंबून घालायचा तो." ते दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये. घरात मात्र 'बूट मोठाच आहे' हे तेव्हापासून ठरून गेलेलं. मी कोऱ्या कागदावर त्याला उभं केलं, पेन्सिलीने पाय आखला, बुटातलं आतलं पातळ अस्तर ओढून काढलं आणि कागदावर ठेवलं. अंगठा आणि शेजारचं बोट अस्तराच्या बाहेर. त्यात कमानीखालच्या त्या गादीने पाय वर उचललेला, म्हणजे उरलीसुरली जागाही गेली.

दोन भेटी मी त्याच्या तोंडाकडे पाहत बसले, याचं अजून वाईट वाटतं.

गादी आणली होती वडिलांनी. पहाटे पाचला उठवून पोराला मैदानावर पळवायचेही तेच. बोलायला आजी बोलल्या: "मना पोऱ्याले भरतीमा काढी टाकं, तधळपाईन त्याले पायसनं येड लागेल शे." वडील पुढच्या भेटीला आले, ते खुर्चीच्या टोकावर बसले. धावण्यात पास, लेखीत पास आणि मेडिकलला तळपाय बघून बाहेर. गावात पेढे वाटायची तयारी झाली होती. "माझ्यासारखं याचं नको व्हायला," एवढंच म्हणाले.

मी डॉक्टर नाही. सोहमला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी त्याला पायाच्या चवड्यांवर उभं केलं आणि कमान उठून दिसली. पाय लवचीक, दुखत नाही, दोन्हीकडे सारखा. औषध नाही, गादी नाही. लहान मुलांच्या तळव्याला चरबीची गादी असते, सांध्यांचे बंध सैल असतात, म्हणून बहुतेकांचे पाय सपाटच दिसतात. कमान सावकाश, साधारण दहा वर्षांपर्यंत तयार होत जाते. काहींची होत नाही आणि तरी त्यांचं काही अडत नाही.

गादीने कमान घडते का, हे अमेरिकेत तपासून झालंय. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवचीक सपाट पायांच्या लहान मुलांना तीन वर्षं खास बूट आणि गाद्या दिल्या. काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा फरक पडला नाही. आपल्याकडे राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वयाच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे घेतले, ते 1992 मध्ये छापून आलं. बूट-चप्पल वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी वाढलेल्यांत 2.8. हे सांगितल्यावर आजींनी सुनेकडे असं काही पाहिलं की मला लगेच पुढचं बोलावं लागलं: घरात, ओट्यावर, अंगणात अनवाणी खेळू द्या. वैशाखातल्या डांबरावर नाही, बाभळीच्या बांधावर नाही, आणि लोक उघड्यावर बसतात तिथे तर मुळीच नाही, अंकुशकृमी तळव्यातूनच शिरतो.

"मग माझे?" वडिलांनी अचानक विचारलं. चप्पल काढली, टेबलाची कड धरून चवड्यांवर उभे राहिले. आम्ही सगळे खाली बघत होतो. कमान उठली. सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या वैद्यकीय निकषांत अशी उठणारी, न दुखणारी कमान चालते. त्यांची भरती वेगळी होती आणि तेव्हा काय पाहिलं गेलं ते आता कोण सांगणार? मी निकषाचं बोलले नाही. त्यांना बराच वेळ बसू दिलं. पुढच्या दोन भेटी फक्त त्यांच्याच झाल्या, त्यांचं इथे लिहीत नाही.

बुटाचं मात्र लिहिते, कारण चुकतं ते तिथेच. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. मुलाला उभं करून दोन्ही पाय मोजा, मोठा असेल त्याच्या मापाचा घ्या. सर्वांत लांब बोटापुढे मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. त्याहून मोठा घेतला तर टाच निसटते आणि पोर बोटांनी बूट पकडून चालतं. चार वर्षांखालच्यांचं माप दर तीन-चार महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी बघा. मोठ्या भावाचा झिजलेला बूट धाकट्याला देऊ नका, त्याला भावाच्या पावलाचं वळण असतं. पावसाळ्यात बेचक्या पुसून कोरड्या करा. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. आणि "चावतो का?" विचारून भागत नाही, मोजे काढून बघा. पैशाची ओढाताण पोरांना कळते, ती खोटं बोलतात.

पाय दुखत असेल, ताठ असेल, एकच सपाट असेल, मूल लंगडत असेल, तर मात्र घरगुती उपाय न करता हाडांचे डॉक्टर गाठा.

नवरात्रात सोहमची आई येऊन गेली. आजी दर अमावास्येला पाय आखून कागद ट्रंकेत ठेवतात म्हणे, महिन्याला गरज नाही असं सांगूनही. पोटदुखी थांबली आहे. पीटीचा तास त्याला अजूनही आवडत नाही. ते बुटामुळे नाही, हे वडिलांना सांगून ठेवलंय.