पिशवीत हात घाल, नाव सांगू नको

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. वस्तूचं वर्णन करा म्हटलं, की मुलं ‘छान हाय, मोठं हाय’ म्हणून गप्प बसतात. काहींच्या घरी कन्नड बोलतात, ती ‘मोठा पिशवी’ म्हणतात. चित्रांचे तक्ते दाखवून दमले. काय करू?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, तक्ते गुंडाळून ठेवा. चित्रातला दगड जड लागत नाही.

जुन्या पोलक्याची तोंड आवळता येणारी पिशवी शिवा. आत करवंटी, पणती, घासणीचा काथ्या, शिकेकाईची शेंग, नदीतला गोटा. एकाने हात घालायचा, वस्तू बाहेर काढायची नाही, नाव घ्यायचं नाही. हाताला काय लागतं ते सांगायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. ‘छान’ म्हटलं की पाळी गेली. काजूची बी टरफलासकट ठेवू नका, चीक हाताला चावतो. आणि चिंचोके तर नकोतच. माझ्या वर्गात एकाने नाकात घातला होता. तो निघेपर्यंत माझाच जीव नाकाशी आला.

आता ‘मोठा पिशवी’. ती पोरं चुकत नाहीत, कन्नडच्या रीतीने बोलतात. तिकडे दोड्ड कल्लु, दोड्ड चीला, दोड्ड गडगी. ‘दोड्ड’ जागचा हलत नाही. आपल्याकडे दगड मोठा, पिशवी मोठी, मडकं मोठं. म्हणून सुरुवातीला न बदलणारेच शब्द द्या : जड, गोल, मऊ, थंड, चिकट, खरखरीत, गुळगुळीत. यात चुकायला जागाच नाही, तोंड उघडतं. एखादं पोर ‘नुण्णगे’ म्हणालं तर अडवू नका. गोट्यावरून बोट फिरवत तुम्ही ‘गुळगुळीत’ म्हणा, पुढच्या पाळीला तेच म्हणेल. मोठा-मोठी-मोठं दिवाळीनंतर घ्या, तेही जोडीने : काळा गोटा, काळी शेंग, काळं मडकं. नियम सांगत बसू नका.

पिशवी जुनी झाली की बटाटे आणा, प्रत्येकाला एक. पाच मिनिटं निरखायचा, शेजाऱ्याला वर्णन सांगायचं, मग सगळे एका बुट्टीत. शेजाऱ्याने ऐकलेल्या वर्णनावरून आपला बटाटा शोधून द्यायचा. इथं ‘गोल हाय’ चालत नाही, सगळेच गोल असतात. एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी म्हणाली होती, “माझ्याला तीन डोळे हायत, एक फुटलाय, आन् बुडाला कुदळीचा घाव हाय.” बटाटा पहिल्या फटक्यात सापडला.

नंतर ते बटाटे दुपारच्या सांबाराला द्यायचं ठरलं होतं. दोघांनी दिलेच नाहीत, दप्तरात लपवून घरी नेले.